टॉवेलचा कागद कुठे गेला?

वाचकहो, २०१८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक मावशी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात त्या कामाला होत्या. टॉवेलच्या कडा शिवायच्या, डागी माल बाजूला काढायचा, घड्या घालायच्या आणि खोकी भरायची. महिना उलटून पंधरा दिवस झाले तरी पगार झाला नव्हता. मालक म्हणत होता, माल परदेशी गेला, पण सरकारकडून परत यायचे पैसे कॉम्प्युटरमध्ये अडकले आहेत.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, खोकी आम्ही भरली. गाडी गेली. बोट बी गेली म्हणतात. मग पैसे कॉम्प्युटरमधी कसे अडकतील? कॉम्प्युटर काय गाळ हाय का, गाडीचं चाक रुतायला?"

वस्तीतल्या लोकांचे अर्ज आणि फॉर्म आम्ही लिहून देतो. त्यामुळे आम्हांला सगळे ठाऊक असते असा एक समज आहे. तो खरा नाही. त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही आणि त्याची लाज वाटली. ज्या शहराची निम्मी भाकरी चादरीवर आणि टॉवेलवर चालत आली, त्या शहरात राहून टॉवेल वेशीबाहेर कसा जातो हे आम्हांला माहीत नव्हते. मग आम्ही दोन माणसांना गाठले. एक म्हणजे आमच्या ओळखीचे अण्णा. १९९० नंतरची काही वर्षे ते इथल्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होते. दुसरा आमचा भाचा. तो उरणला राहतो आणि न्हावा-शेव्याच्या बंदरावर माल सोडवणाऱ्या एका कस्टम एजंटकडे काम करतो.

आधी कस्टम म्हणजे काय ते पाहू. आपल्यातल्या जुन्या माणसांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. ट्रक थांबायचा, पावती फाटायची, मग बांबू वर व्हायचा. कस्टम म्हणजे देशाच्या वेशीवरचा नाका. पण तिथे नुसता कर घेत नाहीत. आत काय येते, बाहेर काय जाते, त्याची किंमत खरी सांगितली की खोटी, बंदी असलेली वस्तू तर नाही ना, विकलेल्या मालाचे डॉलर देशात परत येणार की नाही, हे सगळे तिथे तपासतात. टॉवेलसारखा माल बाहेर जाताना कर घेत नाहीत. उलट तो बनवताना सुतावर, रंगावर जो कर पडलेला असतो त्याचा काही भाग निर्यात करणाऱ्याला परत देतात. त्याला ड्रॉबॅक म्हणतात. मावशींच्या मालकाचे पैसे अडकले होते ते याच जातीचे, परताव्याचे.

आता अण्णांच्या काळातला कागद पाहा.

अण्णा कागदांची रेक्झिनची पिशवी घेऊन रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसत. सकाळी व्हीटीला उतरून चालतच बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसला जात. पुढे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे जास्त माल जाऊ लागला तशी त्यांची पायपीटही खाडीपलीकडे गेली. पिशवीत काय असे? मालाचे इन्व्हॉइस, कोणत्या खोक्यात किती नग याची पॅकिंग लिस्ट, डॉलर परत येतील याची हमी देणारा रिझर्व्ह बँकेचा जीआर फॉर्म, एक्साईजचा फॉर्म, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे शिपिंग बिल. नावात बिल असले तरी ते बिल नव्हे. 'हा माल बोटीवर चढवू द्या' म्हणून कस्टमकडे केलेला तो अर्ज असतो. १९६२ च्या कस्टम कायद्याच्या ५० व्या कलमात तो सांगितलेला आहे. त्याला रंग असत. परतावा मागायचा असेल तर हिरवा, कर लागणारा माल असेल तर पिवळा, करमुक्त असेल तर पांढरा.

प्रत्येक कागदाच्या चार-पाच प्रती. टाइपरायटरवर कार्बन घालून काढलेल्या. "वरच्या प्रतीवर ३ असला तर खालच्या प्रतीवर तो ८ दिसायचा," अण्णा सांगत होते. मग तो अर्ज एका टेबलावर नोंदवायचा, क्रमांक पाडून घ्यायचा. दुसऱ्या टेबलावर ॲप्रेझर किंमत आणि वर्ग पाहणार. तिथून सही झाली की गोदीत जायचे. तिथे तपासनीस काही खोकी फोडून पाहणार, कागदाच्या पाठीमागे शेरा लिहिणार. मग 'निर्यात होऊ द्या' असा शिक्का. मग माल बोटीवर. बोटीवरचा अधिकारी माल मिळाल्याची पावती देई, तिला मेट रिसीट म्हणत. ती दाखवून पुढे बोट कंपनीचे बिल ऑफ लेडिंग घ्यायचे. आणि हे सगळे झाल्यावर शिपिंग बिलाची एक प्रत परताव्याच्या खात्यात नेऊन द्यायची आणि चेकची वाट पाहत बसायचे.

"एका टेबलावरचा साहेब रजेवर गेला की दोन दिवस गेले," अण्णा म्हणाले. "मुंबईवाल्यांचं काय, ते दुपारी परत यायचे. मी सोलापूरचा. रात्रीची गाडी चुकली की मुक्काम. आणि भाऊ, टेबलाशी ओळख असली तर कागद चालायचा. ओळख नसली तर कागदाला पाय नव्हते."

ओळख हा शब्द आम्ही मुद्दाम लिहून ठेवला. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

१९९५ साली दिल्लीच्या कस्टममध्ये सरकारने एक नवी पद्धत चालवून पाहिली. एनआयसी या सरकारी संस्थेने ती बांधली होती. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे तिला ईडीआय म्हणतात. अर्थ इतकाच की कागदाऐवजी तारेवरून माहितीची देवाणघेवाण. पुढच्या काही वर्षांत ती मुंबई, न्हावा-शेवा, चेन्नई अशी मोठ्या ठाण्यांवर आली. हे काही आपल्याच देशात झाले असे नाही. सिंगापूरने १९८९ च्या जानेवारीत ट्रेडनेट नावाची अशीच व्यवस्था सुरू केली होती आणि दिवसांचे काम मिनिटांवर आणले होते. गरीब देशांच्या कस्टमसाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेने १९८१ पासूनच एक संगणक पद्धत तयार करायला घेतली होती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आमचाही होता. आम्हांला वाटे, टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला, एवढाच फरक. तसे नाही. कॉम्प्युटरवर टाइप करून कागद छापला आणि तो पुन्हा टेबलाटेबलांवर फिरवला, तर ते जुनेच काम झाले. ईडीआय म्हणजे एका ठिकाणच्या यंत्राने पाठवलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राने मध्ये कोणी पुन्हा न लिहिता वाचणे. त्यासाठी दोघांनी आधी ठरवून घ्यावे लागते की कोणती गोष्ट कितव्या जागी लिहायची आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय.

आपल्या वाचकांना शुभेच्छांची तार आठवते का? तारखाते २०१३ साली बंद झाले. पण पूर्वी लग्नाची, परीक्षेत पास झाल्याची तार करायची तर पोस्टात एक तक्ता टांगलेला असे. प्रत्येक शुभेच्छेला एक आकडा. आपण नुसता आकडा लिहायचा, तिकडे पूर्ण वाक्य उतरून येई. दोन्हीकडे तक्ता एकच म्हणून ते जमे. ईडीआयचे मर्म तेच. जगातल्या सगळ्या मालाचा असा एक तक्ता केलेला आहे, तो १९८८ पासून देशोदेशी लागू झाला. त्यात सुती टेरी टॉवेलचा आकडा ६३०२६०. सोलापूरचा टॉवेल असो की आणखी कुठला, जगभर पहिले सहा आकडे हेच. मावशींनी आयुष्यभर घड्या घातल्या त्या वस्तूचे कस्टममधले नाव हे. न्हावा-शेव्यालाही असेच नाव आहे, आयएनएनएसए-१.

तर नव्या पद्धतीत भाचा काय करतो? मालकाकडून आलेली इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाहून तो सगळी माहिती ठरलेल्या रकान्यांत भरतो. सुरुवातीच्या काळात ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांच्यासाठी कस्टम हाऊसमध्येच सर्व्हिस सेंटर असे, तिथे फी देऊन माहिती भरून घेता येई. आता आईसगेट या सरकारी संकेतस्थळावरून ती कुठूनही पाठवता येते. पाठवण्याआधी यंत्र एक चेकलिस्ट काढून देते. भाचा म्हणतो, "मामा, आमची सगळी नोकरी त्या चेकलिस्टवर. एक डोळा इन्व्हॉइसवर, एक डोळा चेकलिस्टवर." ती पाठवली की क्षणात शिपिंग बिलाचा क्रमांक पडतो. कोणत्या गाडीची खोकी उघडायची आणि कोणती तशीच सोडायची, हेही पुष्कळदा यंत्रच सुचवते. आयातीला ही सोय २००५ पासून, निर्यातीला २०१३ पासून. अधिकारी पडद्यावरच निर्यातीची परवानगी देतो. बोट गेली की बोट कंपनी आपली यादी त्याच जाळ्यात टाकते. दोन्ही जुळले की परताव्यासाठी वेगळा अर्ज नाही. शिपिंग बिल हाच अर्ज. पैसे थेट बँकेत.

हे एका रात्रीत झाले नाही. कितीतरी वर्षे तारेवरून माहिती पाठवायची आणि वर छापलेला कागदही घेऊन जायचे, अशी दुहेरी कसरत चालली. सही डिजिटल करणे २०१६ पासून सक्तीचे झाले. जोडकागद स्कॅन करून पाठवायची सोय २०१८ मध्ये आली, तेव्हा कुठे पिशवी रिकामी झाली. सोलापूरच्या कारखान्यात भरलेल्या कंटेनरला सील लावायला पूर्वी एक्साईजचा अधिकारी बोलवावा लागे. २०१७ च्या अखेरीपासून कारखानदार स्वतःच सील लावतो आणि ते सील बंदरावरचे यंत्र वाचते.

मग पैसे अडकले कुठे?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. निर्यातीवर भरलेला जीएसटी परत मिळायचा तर एक अट होती. कस्टमकडच्या शिपिंग बिलातला इन्व्हॉइस क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम, आणि जीएसटीच्या विवरणपत्रातली तीच माहिती, ही यंत्राला अक्षर न् अक्षर जुळलेली दिसली पाहिजे. आता पुष्कळ व्यापाऱ्यांकडे दोन इन्व्हॉइसवह्या. एक जीएसटीसाठी, एक परदेशी गिऱ्हाइकासाठी. माल तोच, रक्कम तीच, क्रमांक वेगळा. कारखान्याच्या हिशेबनिसाने जीएसटीत एक क्रमांक लिहिला, एजंटाने शिपिंग बिलात दुसरा. कुणी क्रमांकात तिरपी रेघ घातली, कुणी नाही घातली. यंत्राने दोन्ही शेजारी ठेवले, म्हणाले जुळत नाही, आणि 'एसबी ००५' असा शेरा मारून बाजूला सारले. देशभरातल्या निर्यातदारांचे पैसे असे थांबले. मावशींच्या मालकाची गत हीच होती.

अण्णांच्या काळात असा क्रमांक चुकला असता तर काय झाले असते? त्यांनी टेबलावर जाऊन सांगितले असते, साहेब, माल एकच आहे, बघा, खोकी तेवढीच, वजन तेवढेच. साहेबाने आडवी रेघ मारून वर बरोबर क्रमांक लिहिला असता, बाजूला सही केली असती. यंत्राला तिरपी रेघ कळते, सबब कळत नाही.

याचा अनुभव आम्हांलाही आहे. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या निवृत्तीच्या कागदावर एका कचेरीत जन्मसालातला एक आकडा चुकला. मूळ वहीत बरोबर, कॉम्प्युटरात चूक. ती दुरुस्त व्हायला आम्ही अकरा हेलपाटे घातले. दरवेळी खिडकीतला माणूस पडदा आमच्याकडे वळवून म्हणे, "इथं तर असं दिसतंय." वही त्याच्या मागच्याच कपाटात होती.

गंमत अशी की त्या अडकलेल्या पैशांची वाट शेवटी कागदानेच मोकळी केली. २०१८ च्या फेब्रुवारीत सरकारने परिपत्रक काढले. निर्यातदाराने एक तक्ता द्यायचा, डाव्या बाजूला शिपिंग बिलातला क्रमांक, उजव्या बाजूला जीएसटीतला. अधिकाऱ्याने तो पाहून, खात्री करून, आपल्या हाताने यंत्रातली गाठ सोडवायची. मग १५ ते ३१ मार्च असा परताव्याचा पंधरवडाच देशभर पाळला गेला. म्हणजे माणूस पुन्हा टेबलाशी बसला आणि ऐकून घेऊ लागला, तेव्हा पैसे हलले.

यंत्रच झोपले तर काय होते, तेही न्हावा-शेव्याने २०१७ मध्ये पाहिले. २७ जून रोजी मर्स्क या बोट कंपनीच्या संगणकांत जगभर विषाणू शिरला आणि तिच्या गटाच्या ताब्यातल्या बंदरावरच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ते कस्टमचे जाळे नव्हे, पण गाड्या रांगेत उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. भाचा म्हणतो, जुनी माणसे तेव्हा वही-पेन घेऊन पुढे आली.

आता मावशींच्या पगाराचे. मालक खोटे बोलत नव्हता, पण पुरते खरेही बोलत नव्हता. परतावा हा सरकार आणि मालक यांच्यातला व्यवहार. मजुरी हा मालक आणि मजूर यांच्यातला. त्या वेळी १९३६ चा वेतनाचा कायदा लागू होता. हजारापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यात महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. कॉम्प्युटर अडला तर थांबावे, असे कुठे लिहिलेले नव्हते. आम्ही कलमासह साधा अर्ज लिहून दिला. त्यावर सोळा बायांनी सह्या केल्या, तिघींनी अंगठा. पगार दोन हप्त्यांत झाला. दुसरा हप्ता परतावा यायच्या आधी झाला, हे मुद्दाम नोंदवतो.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, मग जुने बरे होते का? आमचे मत विचाराल तर नाही. अण्णांचा तो शब्द आठवा, ओळख. ज्यांची ओळख होती त्यांना कागद कधी जड गेला नाही. आपल्यातल्या एखाद्याने टॉवेलची चार खोकी परदेशी पाठवायची म्हटली असती, तर त्या टेबलांपलीकडे त्याच्या ओळखीचे कोण बसले होते? आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावर काय उमटते ते आपल्याला सांगायला नको. २०२० पासून आयातीच्या बाबतीत तर अशी व्यवस्था झाली आहे की न्हावा-शेव्याला आलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासतो. व्यापाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही, त्याचा चेहरा व्यापाऱ्याला दिसत नाही. यंत्राला तिरपी रेघ कळते हे वाईट, पण त्याला आळी आणि पेठ कळत नाही हे काही वाईट नाही. मात्र चूक झाल्यावर जाऊन बोलायला एक खिडकी आणि खिडकीत एक माणूस हवाच. मोठ्या व्यापाऱ्याला वकील मिळतो, छोट्याला खिडकीच असते.

आणि कामाचे म्हणाल तर कागद वाहणारी, टाइप करणारी माणसे हळूहळू त्या साखळीतून निघून गेली. अण्णांची नोकरीही गेली. कोणी त्यांना काढले नाही, एक दिवस सिद्धेश्वरचे तिकीट काढायला कोणी सांगितले नाही, एवढेच. भाच्याला काम मिळाले ते बी.कॉम. होता म्हणून आणि आकड्यांवर त्याची नजर बसते म्हणून. तो आता कस्टमच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहे. पदवी, कामाचा अनुभव आणि परीक्षा, एवढे जमले तर स्वतःच्या नावाचा परवाना मिळतो. आमच्या वस्तीतल्या कॉमर्सच्या मुलांनी या वाटेची चौकशी करावी. सोलापुरात राहून मालाचे कागद तयार करणारेही आता आहेत, कारण कागद न्यायला उरणला जावे लागत नाही.

त्या वर्षी चौदा एप्रिलला भाचा सोलापूरला आला होता. मिरवणुकीहून परतताना मावशी ओट्यावर भेटल्या. आम्ही भाच्याला म्हटले, दाखव यांना. मावशींच्या कारखान्यातल्या मुनीमाकडून आम्ही एका शिपिंग बिलाचा क्रमांक आणि तारीख मिळवून ठेवली होती. भाच्याने मोबाइलवर आईसगेट उघडले, बंदर, क्रमांक, तारीख भरली. इंग्रजी रकाने उमटले. मावशींना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी बोट लावून विचारले, "ह्ये काय की?"

"हे एकूण वजन, मावशी. आणि ही खोक्यांची संख्या."

मावशींनी चष्मा वर केला, आकडा दोनदा वाचला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बरोबर हाय. यातली शेवटची चाळीस रात्री उशिरा भरली होती. लाइट गेली होती तवा."